भूर्जपत्र म्हणण्याआधी पान उजेडात धरा

अंबाजोगाई परिसरात हस्तलिखितं बघत फिरलात, तर एक वाक्य हमखास कानावर येतं : "पणजोबांची पोथी आहे, भूर्जपत्रावरची." रुमाल सोडला की आत बहुतेकदा हातकागद निघतो. घरचे खोटं बोलत नसतात. बोलण्यात 'भूर्जपत्र' म्हणजे 'फार जुनं' एवढाच अर्थ उरलाय. पण तोच शब्द तुमच्या नोंदीत शिरला, की पोथीचं वय आणि मूळ ठिकाण दोन्ही चुकायला लागतात.

भूर्ज हे हिमालयातलं झाड, साधारण ३,००० मीटरच्या वर वाढणारं. बीडची बालाघाट रांग हजार मीटरही गाठत नाही. (इंग्रजीतला 'बर्च' आणि आपला 'भूर्ज' एकाच मूळ शब्दाची लेकरं, हे भाषाशास्त्रवाल्यांचं लाडकं उदाहरण.) काश्मीरमध्ये या झाडाच्या सालीवर शतकानुशतकं लिहिलं गेलं. पंधराव्या शतकात झैन-उल-अबिदीनच्या काळात तिथे कागद रुजला आणि साल हळूहळू मागे पडली. १८७५ मध्ये ब्यूलर काश्मीरमधून हस्तलिखितं घेऊन आला. त्यातली शारदा लिपीतली, भूर्जपत्रावरची ऋग्वेदाची प्रत आज पुण्याच्या भांडारकर संस्थेत आहे. म्हणजे महाराष्ट्रात भूर्जपत्र आहे, पण ते कुठून आलं याची नोंदही आहे. बीडच्या पोथीबद्दल तसा दावा करायचा, तर तसाच माग दाखवावा लागेल.

मराठवाड्याची लेखनसामग्री वेगळी आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद बनायचा; त्या धंद्याची सुरुवात मुहम्मद तुघलकाच्या काळाशी जोडली जाते. आणि खुद्द अंबाजोगाईत दासोपंतांनी (१५५१–१६१५) 'पंचीकरण' लिहिलं ते कापडावर! ती पासोडी सुमारे ४० फूट लांब आहे. इतकं विलक्षण साधन गावात असताना आपण हिमालयाची साल शोधत बसतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तपासणी अवघड नाही. भूर्जाच्या सालीवर आडव्या, बारीक गडद रेघा असतात आणि तिचे पातळ पापुद्रे सुटतात. ताडपत्र लांब, अरुंद. दोरीसाठी भोक पाडलेलं. हातकागद उजेडात धरला की तंतू दिसतात. साल सापडलीच, तर आकार बघा. हाताएवढा तुकडा आणि त्यावर यंत्र काढलेलं असेल, तर तो ताइतासाठी आणलेला असण्याची शक्यता जास्त. पूजासाहित्याच्या दुकानात असे तुकडे आजही मिळतात.

मी नोंदवहीत दोन रकाने ठेवते : 'घरच्यांच्या मते' आणि 'पाहिल्यावर'. पहिला रकाना खोडायचा नाही. आजोबांना ती पोथी भूर्जपत्रावरची का वाटत होती, हाही इतिहासच आहे.