हाडाचे टक्के आणि पोटाचे टक्के

पाथरीहून मानवतमार्गे परभणीकडे जाणाऱ्या महामार्गावर अपघातात कुणाचा पाय मोडला की काही महिन्यांनी त्याच्या घरी येणारा-जाणारा हमखास विचारतो, "सर्टिफिकेटवर टक्के किती पडले?" जेवढे टक्के अपंगत्व, तेवढेच टक्के भरपाई, असा हिशेब लोकांच्या मनात पक्का बसला आहे. विमा कंपन्यांना तो सोयीचा आहे आणि काही वकीलही त्यावरच विसंबतात. पण कायदा तसे म्हणत नाही.

या समजाच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही असे नव्हे. न्यायाधीश डॉक्टर नसतो. आकडा डॉक्टरांनी दिला की मनमानीला वाव उरत नाही, दोन जिल्ह्यांत दोन न्याय होत नाहीत. मुद्दा वजनदार आहे. मात्र जिथे ठरावीक आकडा हवा होता, तिथे कायद्याने तो स्वतःच दिला. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याला परिशिष्टच होते: अंगठा गेला तर 30 टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर 50. मोटार वाहन कायद्याच्या कलम 168 ने मात्र न्यायाधिकरणाला 'न्याय्य' भरपाई ठरवायला सांगितले. तिथे अवयवांचे कोष्टक नाही. आणि परिशिष्टाच्या कायद्यातही कोष्टक अंतिम ठरले नाही. प्रताप नारायण सिंग देव खटल्यात कोपराच्या वर डावा हात गमावलेल्या सुताराचे नुकसान सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये पूर्ण, म्हणजे 100 टक्के मानले. एका हाताने सुतारकाम होत नाही, एवढे साधे कारण त्यामागे होते.

राजकुमार विरुद्ध अजयकुमार या ऑक्टोबर 2010 च्या निकालाने तर हा विषय मुळापासून उकलला. अपंगत्व किती, हे डॉक्टरने सांगायचे. त्यामुळे कमाई किती बुडाली, हे न्यायाधिकरणाने ठरवायचे. डावा हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार जवळजवळ पूर्ण कमाई गमावतो. तोच हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकूही शकते, हे उदाहरण त्याच निकालातले. गंमत अशी की हे तत्त्व त्या अर्जदाराच्या मात्र पथ्यावर पडले नाही. त्याच्या डाव्या पायाचे अपंगत्व 45 टक्के नोंदले होते. तो आकडा एका अवयवाचा होता, सगळ्या शरीराचा नव्हे. तो चीज विकून पोट भरत असे, आणि न्यायालयाने कमाईचे नुकसान 20 टक्केच धरले. म्हणजे हे तत्त्व जखमीची बाजू घेत नाही, विमा कंपनीचीही घेत नाही.

आता मानवतच्या बाजारात एक हमाल कल्पनेने उभा करू. वय 30, महिन्याची कमाई 12,000. गुडघा जखडला, प्रमाणपत्र 30 टक्क्यांचे. भविष्यातील वाढीचे 40 टक्के धरून महिना 16,800, वर्षाचे 2,01,600, आणि या वयाचा गुणक 17. एकूण 34,27,200 रुपये. प्रमाणपत्राचे टक्के लावले तर हाती 10,28,160. पण गुडघा वाकत नाही, सोयाबीनचे पोते पाठीवर घेऊन उठता येत नाही, हे सिद्ध झाले आणि नुकसान 80 टक्के मानले गेले, तर 27,41,760. याच आडतीवरच्या मुनीमाला तशीच इजा झाली, तर आकडा 30 च्याही खाली जाईल. त्यात अन्याय काही नाही.

"दुसरे काम करील की!" असे विमा कंपनीचे वकील म्हणतात. मोहन सोनी या हातगाडी ओढणाऱ्याचा पाय कापावा लागला, त्याच्या खटल्यात 2012 मध्ये हा युक्तिवाद फेटाळला गेला आणि नुकसान 90 टक्के धरले. नुसत्या तर्कावर भरपाई कापता येत नाही. हमालाला नवे काम कोण देणार, हे दाखवायला नको?

डॉक्टरांच्या प्रमाणपत्राचा हेतूही वेगळा असतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 40 टक्के ही अनेक सवलतींची पायरी आहे. त्या सवलतींसाठी काढलेला कागद न्यायाधिकरणात पुढे करायचा, आणि तो कुठल्या अवयवाचा, कशाचा, हे कुणी विचारायचे नाही, ही रीतच चुकीची. कोर्टाच्या फेऱ्या नकोत म्हणून डॉक्टर साक्ष टाळतात, हे खरे आहे. त्यावर कमिशनमार्फत साक्ष नोंदवण्याचा उपाय राजकुमार निकालातच सुचवला आहे.

तेव्हा जखमीच्या नातेवाइकांना एवढेच सांगणे: टक्क्यांचा कागद जपा, पण बाजार समितीचा हमाली परवाना, ड्रायव्हरचे लायसन, मजुरीच्या नोंदी आणि डिस्चार्ज कार्ड त्याहून जपा. आणि डॉक्टर साक्षीला उभे राहतील तेव्हा वकिलांकरवी त्यांना विचारा: हा माणूस उकिडवा बसू शकतो का, ओझे उचलू शकतो का, गाडी चालवू शकतो का?