'निर्मूलन' या संज्ञेचा अर्थ : मुंबई उपनगरांतील हिवतापाच्या संदर्भात

प्रस्तावना

देवी, हिवताप, कुष्ठरोग व पोलिओ यांच्याविरुद्धच्या मोहिमांना मराठीत 'निर्मूलन' ही एकच संज्ञा लावली जाते. मुळासकट नाहीसे करणे हा तिचा शब्दशः अर्थ होय. जागतिक आरोग्य-व्यवहारात मात्र तिच्यामागे भिन्न संकल्पना आहेत. संसर्ग जगभरातून कायमचा थांबणे ही पहिली व तो विशिष्ट प्रदेशापुरता थांबणे ही दुसरी. बर्लिन येथील १९९७ च्या डालेम परिषदेने हा भेद स्पष्ट केला. पहिल्या अवस्थेत प्रतिबंधक उपायांची गरज उरत नाही. दुसरीत ते चालूच ठेवावे लागतात.

संज्ञेचा प्रवास

देवीचे निर्मूलन (१९८०) पहिल्या अर्थाचे होते. भारताने डिसेंबर २००५ मध्ये साधलेले कुष्ठरोगाचे 'निर्मूलन' याहून शिथिल होते. दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण एवढाच त्याचा निकष होता. हिवतापाबाबत १९५३ चा 'नियंत्रण' कार्यक्रम १९५८ मध्ये 'निर्मूलन' कार्यक्रम झाला. आरंभीच्या यशानंतर रोग उलटला व १९७६ मध्ये देशातील रुग्णसंख्या सुमारे ६४ लाखांवर गेली.

उपनगरांचा अनुभव

अंधेरी, घाटकोपर ही उपनगरे १९५० मध्ये, तर बोरिवली, मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबईत आली. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या निर्मूलन कार्यक्रमाचा भर ग्रामीण घरांतील डीडीटी फवारणीवर होता. शहरांची जबाबदारी मुख्यतः स्थानिक संस्थांवर राहिली. स्वतंत्र नागरी हिवताप योजना १९७१ मध्ये आली. मुंबईतील हिवतापाचा प्रमुख वाहक, ॲनोफिलीस स्टिफेन्सी हा डास, विहिरी, गच्चीवरील टाक्या व बांधकामांवरील साचलेले पाणी यांत वाढतो. त्यामुळे उपनगरांत जसजशा इमारती उभ्या राहिल्या, तसतशी त्याच्या उत्पत्तिस्थानांत भर पडली. येथे खरा उपाय फवारणीपेक्षा टाकीचे घट्ट झाकण व त्याची नियमित तपासणी हाच ठरतो. हे काम कधीही 'संपत' नाही. 'निर्मूलन' हा शब्द मात्र ते संपणार असल्याचे सुचवतो. रुग्ण घटताच तपासणी सैल होण्याचा धोका याच समजुतीत आहे.

निष्कर्ष

भारताने २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते दुसऱ्या, म्हणजे प्रादेशिक अर्थाचे आहे. म्हणून 'निर्मूलन' ही संज्ञा देवीसारख्या उदाहरणांपुरती राखून हिवतापासाठी 'स्थानिक संसर्गमुक्ती' असा शब्दप्रयोग करणे अधिक यथार्थ ठरेल. मिळवलेली मुक्ती टिकवावी लागते, ही जाणीव त्यातून नागरिक व प्रशासन या दोहोंपर्यंत पोहोचू शकेल.