खांद्यातील न दिसणारी इजा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे दगावली. सास्तूरसारख्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांच्या अंगावर कोसळल्या. अशा ढिगाऱ्यातून वाचलेल्या माणसाचे मोडलेले हाड लगेच लक्षात येते. खांद्यावर भार पडून किंवा हात जोराने ओढला जाऊन दुखावलेला मज्जातंतू मात्र दिसत नाही. तो ओळखायचा कसा?

मानेच्या मणक्यांजवळ निघणाऱ्या पाच मज्जातंतुमुळांचे जाळे खांद्यातून हातात उतरते. जन्मताना ताण बसून हात लुळा पडलेल्या अर्भकांचे वर्णन फ्रान्सच्या द्युशेन यांनी १८७२ मध्ये केले. १८७४ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म एर्ब यांनी मानेवरील एका बिंदूला विजेने चेतवले, तेव्हा अशा रुग्णांत लुळे पडणारे खांद्याचे व कोपराचे स्नायूच एकदम आकुंचन पावले. त्यावरून इजेची जागा पाचव्या व सहाव्या मुळांपाशी निश्चित झाली. खालच्या मुळांची इजा पंजा आणि डोळ्याची बाहुली यांवरून ओळखता येते, हे ऑगस्टा क्लुम्पके यांनी पॅरिसमध्ये १८८५ साली दाखवले.

कोणते काम बंद पडले यावरून कोणता मज्जातंतू दुखावला हे ताडायचे, असा हा तर्क आहे. खांदा निखळल्यावर हात बाजूला उचलत नसेल आणि दंडाची बाहेरची बाजू बधिर असेल, तर काखेतील मज्जातंतूची शंका घ्यावी. भिंत ढकलताना एकच खवाटा पंखासारखा बाहेर येत असेल, तर बरगड्यांवरून उतरणाऱ्या लांब मज्जातंतूची.

१९४३ मध्ये ब्रिटनच्या हर्बर्ट सेडन यांनी इजेचे तीन प्रकार केले: नुसता संदेश थांबणे, आतील तंतू तुटणे आणि संपूर्ण मज्जातंतू तुटणे. पहिला प्रकार बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो; तिसऱ्याला शस्त्रक्रिया लागते. तंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो, आणि संदेशाविना राहिलेला स्नायू साधारण दीड वर्षात कायमचा निकामी होतो. म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय शक्यतो पहिल्या सहा महिन्यांतच घ्यावा लागतो.

आज ही इजा बरेचदा मोटारसायकलच्या अपघातात होते. शिक्षकांना आम्ही एवढेच सुचवू: अपघातानंतर एखाद्या मुलाचा हात उचलत नसेल, तर ‘व्यायामाने येईल’ म्हणून वाट पाहू नका. त्याला त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवा.