शत्रूचें पेटंट आणि शत्रूची विद्या

पेटंट हा मूळचा एक करार होय. संशोधकानें आपल्या शोधाची कृति कांहीं न लपवितां लेखी मांडावयाची आणि मोबदल्यांत सरकारनें त्याला ठराविक वर्षांचा मक्ता द्यावयाचा, असें त्याचें स्वरूप आहे. शांततेच्या काळांत लोकांच्या डोळ्यांत भरतो तो मक्ता. कृतीचें कथन खरोखर पुरें झालें आहे कीं नाहीं, याची परीक्षा सहसा होत नाहीं. पहिल्या महायुद्धानें ती परीक्षा घेतली.

युद्धापूर्वीं कृत्रिम रंगांच्या धंद्यांत जर्मनीचा हात धरणारें दुसरें राष्ट्र नव्हतें. जर्मन कारखानदार इंग्लंडांत पेटंटें घेत, माल मात्र स्वदेशांतच काढीत. ही रीत मोडण्यासाठीं १९०७ सालीं, लॉइड जॉर्ज व्यापारमंत्री असतांना, इंग्लंडनें कायदा केला. चार वर्षांनंतरही पेटंटाचा माल मुख्यतः परदेशांतच होत असेल, तर तें पेटंट रद्द करतां येईल, असें त्यांत ठरलें. तेव्हां जर्मनींतील हेक्स्ट कंपनीनें मर्सी नदीकाठीं एल्समीर पोर्ट येथें कृत्रिम निळीचा कारखाना घातला. कायद्याचें समाधान झालें. परंतु निळीचें पूर्वद्रव्य जर्मनीहून येई आणि शेवटची क्रिया तेवढी इंग्लंडांत होई.

४ ऑगस्ट १९१४ रोजीं इंग्लंड युद्धांत उतरलें. त्याच महिन्यांत पार्लमेंटनें तात्पुरता कायदा करून शत्रूच्या प्रजाजनांचीं पेटंटें स्थगित वा रद्द करण्याचा आणि इतरांस परवाने देण्याचा अधिकार व्यापारखात्याला दिला. निकडही तशीच होती. उपदंशावर त्या काळचें सर्वांत गुणकारी औषध म्हणजे पाउल एर्लिख व साहाचिरो हाता यांच्या प्रयोगांतून निघालेलें साल्व्हर्सान. तें हेक्स्ट कंपनी १९१० पासून विकीत होती, आणि आतां तर लष्करांत रोगी वाढणार हें उघड होतें. बरोज वेलकम कंपनीनें परवाना घेऊन ‘खार्सिव्हान’ या नांवानें तेंच औषध काढलें. पण सोमलापासून होणारें हें द्रव्य मोठें नाजूक. हवेच्या संपर्कानें त्याची विषारी शक्ति वाढे, आणि कृतींत थोडी चूक झाली तरी रोग्याच्या जिवावर बेते. म्हणून तयार झालेला प्रत्येक घाणा आधीं प्राण्यांवर पारखून मगच बाहेर सोडावा लागे. मक्ता एका सहीनें उठला; हात बसावयास मात्र वेळ लागला.

अमेरिकेनें १९१७ च्या ऑक्टोबरांत शत्रूशीं व्यापारबंदीचा कायदा केला. शत्रूचें पेटंट वापरणारानें विक्रीच्या शेंकडा ५ पर्यंत रक्कम सरकारकडे ठेवावी, असा त्यांत सौम्य नियम होता. पुढें मात्र पेटंटें जप्तच झालीं, आणि साडेचार हजारांहून अधिक पेटंटें केमिकल फाउंडेशन या संस्थेला पावणेतीन लाख डॉलरांहूनही कमी किंमतींत विकलीं गेलीं. हा व्यवहार रद्द व्हावा म्हणून पुढें खुद्द अमेरिकन सरकारच कोर्टांत गेलें. परंतु १९२६ सालीं सुप्रीम कोर्टानें विक्री कायम केली.

इतकें करून हातीं काय आलें? हवेंतील नत्रापासून अमोनिया करण्याच्या हाबर-पद्धतीच्या धर्तीवर, स्फोटक द्रव्यांसाठीं, अलाबामांतील शेफिल्ड येथें अमेरिकन सरकारनें मोठा कारखाना उभारला. युद्ध संपलें तरी तो नीट चालला नाहीं. रंगांच्या धंद्यांतही तोच अनुभव आला. अखेर दु पाँ कंपनीनें युद्धानंतर जर्मन रसायनज्ञांनाच भारी पगार देऊन आपल्याकडे आणलें.

इंग्लंडनें १९१९ सालीं कायदा पुन्हां बदलला. यापुढें रासायनिक द्रव्यावर नव्हे, तर तें करण्याच्या विशिष्ट कृतीवरच पेटंट मिळावें, आणि औषधाच्या पेटंटाचा परवाना मागणारास सबळ कारणावांचून नकार नसावा, असें ठरलें. हे नियम युद्धानें शिकविले. पण त्याहून मोठा धडा कायद्याच्या पुस्तकाबाहेरचा होता. शत्रूचा हक्क जप्त करतां येतो. त्याच्या कारागिरांच्या हातांतील विद्या जप्त करतां येत नाहीं. ती ज्या राष्ट्राला हवी असेल, त्यानें शांततेच्या काळांतच आपल्या प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत ती कमवावयास हवी.