फुलांच्या दरीची वाट

आपल्याकडे पळस, पांगारा फुलला की वसंत आला म्हणायचं. उत्तराखंडच्या डोंगरात मार्चच्या मध्यावर 'फूलदेई' असते. लेकरं सकाळी उठून रानातली फुलं वेचतात आणि घरोघरच्या उंबऱ्यावर ठेवतात. घरातली बाई त्यांच्या हातावर तांदूळ, गूळ ठेवते. पण त्याच डोंगरात आणखी वर, साडेतीन हजार मीटरच्या आसपास, वसंताला यायला जून उजाडतो. बर्फ वितळलं की ओल्या मातीतून प्रिम्युला, अ‍ॅनिमोनी अशी बुटकी फुलं आधी डोकं काढतात. ही चमोली जिल्ह्यातली फुलांची दरी. तिथल्या वाटेची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

पुस्तकांत ही गोष्ट १९३१ साली सुरू होते. फ्रँक स्माइथ आणि त्यांचे ब्रिटिश गिर्यारोहक सोबती कामेट शिखर सर करून परतत होते. भ्यूंदर खिंड ओलांडून ते खाली उतरले, ते थेट फुलांत. १९३७ साली स्माइथ पुन्हा आले, फुलं आणि बी गोळा केलं, आणि पुढच्याच वर्षी त्यांचं पुस्तक निघालं. तेव्हापासून दरीचं नाव जगभर झालं. 'स्माइथ यांनी दरीचा शोध लावला' असं अजूनही सर्रास छापतात. आम्हाला हा शब्द पटत नाही. भ्यूंदर गावचे लोक उन्हाळ्यात शेळ्या-मेंढ्या, गुरं घेऊन याच कुरणांत चढत होते. वाट पडली ती त्यांच्या पायांनी. साहेबांनी दिलं ते नाव.

पुस्तक निघाल्यावर वर्षभरात एक बाई या दरीत आल्या. जोन मार्गारेट लेग, वय ५४, वनस्पतींच्या अभ्यासक. घरापासून हजारो मैल दूर, सोबतीला स्थानिक हमाल. ४ जुलै १९३९ रोजी फुलं गोळा करताना त्या उतारावरून घसरल्या आणि गेल्या. त्यांना तिथंच पुरलं. पुढे त्यांच्या बहिणीनं येऊन दगड बसवला. आजही दरीतली पायवाट त्या थडग्यापाशी जाते.

आता आपल्या जवळचा भाग. याच जिल्ह्यातल्या रेणी गावात २६ मार्च १९७४ रोजी गौरा देवी बायकांना घेऊन जंगलात गेल्या आणि ठेकेदाराच्या माणसांपुढे झाडांसाठी उभ्या राहिल्या. ते 'चिपको' तुम्ही ऐकलंय. त्यानंतर आठ वर्षांनी, १९८२ साली, फुलांची दरी राष्ट्रीय उद्यान झाली आणि चराई बंद झाली. फुलं तुडवली जाऊ नयेत, हा हेतू चांगलाच. पण कुरण बंद झालं की चारा लांबून आणावा लागतो, आणि तो भारा कोणाच्या डोक्यावर येतो, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं!

नंतर दरीत पॉलिगोनम नावाची उंच वनस्पती माजली. तिच्या सावलीत बुटकी फुलं दबतात. गुरं चरायची थांबली म्हणून ती माजली, असं काही अभ्यासक म्हणतात. सगळ्यांना ते मान्य नाही. आता मजूर लावून ती उपटावी लागते. साताऱ्याच्या कास पठारावरही गुरं चरू द्यावीत की नाही, हा वाद निघतोच.

२००५ साली दरी जागतिक वारसा यादीत आली. भ्यूंदरच्या गावकऱ्यांनी समिती करून वाटेवरचा प्लास्टिकचा कचरा गोळा करायला घेतला. जून २०१३ च्या महापुरात नदीनं गावातली घरं आणि वाट, दोन्ही नेलं. वाट पुन्हा बांधली.

गोविंदघाटहून वर घांघरियाला जायचं, तिथून दरी तीन-चार किलोमीटर. फाटक १ जूनला उघडतं. तिकीट काढून आत जायचं आणि दिवस मावळायच्या आत परत फिरायचं, आत मुक्काम करता येत नाही. भ्यूंदरच्या माणसालाही आत जाता येतं, फक्त शेळी बाहेर ठेवून.