लसीनंतर खांद्याला झालेली दुखापत: उपचार आणि नुकसानभरपाई

शेतात विळा लागला की धनुर्वाताचे (टीडी) इंजेक्शन आणि कुत्रा चावला की रेबीजची लस घ्यावी लागते. रोहण्यासारख्या गावात मोठ्या माणसांना दंडावर लस घेण्याचे असे प्रसंग येतच असतात. त्यानंतर दोन-तीन दिवस दंड दुखणे नेहमीचे आहे. मात्र दुखणे कित्येक आठवडे टिकले, केस विंचरायला किंवा सदरा घालायला हात वर जात नसेल, तर खांद्याला दुखापत झालेली असू शकते.

असे का होते?

लस खांद्याच्या टोकाच्या हाडापासून दोन-तीन बोटे खाली, दंडाच्या जाड स्नायूत द्यायची असते. सुई फार वर टोचली गेली, तर लस सांध्याजवळच्या भागात जाऊन तिथे सूज येते. दोष सहसा लसीचा नसून टोचण्याच्या जागेचा असतो. म्हणून उरलेले डोस टाळू नका, विशेषतः रेबीजचे. पुढचा डोस दुसऱ्या हातावर घ्या.

निदान आणि उपचार

डॉक्टर प्रामुख्याने चार गोष्टी पाहतात:

- त्या खांद्याला आधी त्रास नव्हता.
- वेदना लसीनंतर ४८ तासांत सुरू झाली.
- त्रास त्याच खांद्यापुरता आहे.
- दुसरे कारण सापडत नाही. मधुमेहात खांदा आपोआपही आखडतो.

गरजेनुसार सोनोग्राफी किंवा एमआरआय करतात. वेदनाशामक गोळ्या, फिजिओथेरपी आणि कधी सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन हे उपचार आहेत. भरपाईच्या विचारात उपचार लांबवू नका.

भरपाई कशी मागता येते?

अमेरिकेत २०१७ पासून ही दुखापत लस-भरपाईच्या अधिकृत यादीत आहे. तिथे निकष पूर्ण झाले की कोणाची चूक होती हे सिद्ध करावे लागत नाही. आपल्याकडे दावा करताना हलगर्जीपणा आणि त्यामुळेच इजा झाली, हे दोन्ही दाखवावे लागते. पुढचा मार्ग लस कुठे घेतली यावर ठरतो.

पैसे देऊन खासगी दवाखान्यात घेतली असल्यास: ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्यानुसार ती आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे रोहण्याच्या रुग्णाला वर्ध्यात करता येते. मुदत साधारण दोन वर्षांची आहे.

सरकारी केंद्रात मोफत घेतली असल्यास: सर्वांना मोफत मिळणारी सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. अशा वेळी दिवाणी दाव्याचा मार्ग उरतो. सरकारवर दावा करण्याआधी सहसा दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. वकिलाला लवकर भेटा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि कमी उत्पन्न गटातील लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

आजच काय करावे?

- लसीची तारीख, जागा आणि कार्ड किंवा पावती जपून ठेवा.
- टोचल्याची खूण दिसत असेल तर खांद्यासह फोटो काढा.
- वेदना कधी सुरू झाली, हे पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना केसपेपरवर लिहायला सांगा.
- आशाताई, नर्सताई किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगून लसीकरणानंतरचा त्रास म्हणून नोंद करून घ्या.
- औषधांची बिले आणि बुडालेल्या मजुरीचा हिशेब ठेवा.

सहा महिन्यांनी सांगितलेल्या आठवणीपेक्षा तिसऱ्या दिवशीचा केसपेपर जास्त बोलतो.