वनस्पतिज संमिश्रे, जैवविघटनशील

तूस, काड, उसाचा चोथा, लाकडाचा भुसा इ. टाकाऊ वनस्पतिज पदार्थ बंधकाच्या साहाय्याने एकजीव करून बनविलेले साहित्य. तंतूंमुळे त्यास बळकटी येते, तर बंधक तंतूंना एकत्र धरून ठेवतो. वापरानंतर असे साहित्य मातीत मिसळेल की नाही, हे मुख्यत्वे बंधकावर अवलंबून असते, असे त्याच्या इतिहासावरून दिसते.

कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपून उभारलेल्या कोकणातील कुडाच्या भिंती हे अशा संमिश्राचे जुने उदाहरण होय. घर पडल्यावर त्या मातीस मिळत. कारखानदारीत प्रारंभी हीच परंपरा काही अंशी टिकून होती. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात १९२० नंतरच्या दशकात उसाच्या चोथ्याचे उष्णतारोधक तक्ते तयार होऊ लागले. १९२४ मध्ये विल्यम एच. मेसन यांनी मिसिसिपी राज्यातील लॉरेल येथे लाकडाच्या ढलप्यांना उच्च दाबाची वाफ देऊन व तो दाब एकाएकी काढून त्यांचे तंतू मोकळे केले. हे तंतू उष्णता व दाब यांखाली घट्ट करताना लाकडातील लिग्निनच बंधकाचे काम करते, असे आढळून आले.

पुढे संश्लेषित रेझिनांमुळे चित्र पालटले. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधलेल्या बेकेलाइटात लाकडाचे पीठ भरण म्हणून वापरीत. दुसऱ्या महायुद्धानंतर यूरिया-फॉर्माल्डिहाइड रेझिनाने जोडलेले भुशाचे तक्ते सर्वत्र पसरले. ते स्वस्त होते. परंतु त्यांतून फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तो मानवास कर्ककारक ठरविला. पूर्व जर्मनीतील ‘ट्राबांट’ मोटारीचे (१९५७–९१) बाह्यांग टाकाऊ कापूस व फिनॉलिक रेझीन यांचे होते. कापूस कुजणारा असला, तरी ते बाह्यांग कुजत नसे व वितळवून पुन्हा वापरताही येत नसे. त्यामुळे उत्पादन थांबल्यावर जुन्या गाड्यांची विल्हेवाट लावणे हा प्रश्नच होऊन बसला.

अलीकडे नैसर्गिक बंधकांकडे पुन्हा लक्ष वळले आहे. २००७ मध्ये अमेरिकेत इबेन बायर व गॅव्हिन मॅकिंटायर यांनी पिकांच्या अवशेषांवर कवक वाढवून आवेष्टनसाहित्य बनविण्याचा उद्योग सुरू केला. कवकजाल काही दिवसांत तूस घट्ट विणून टाकते. नंतर उष्णतेने त्याची वाढ थांबवितात. असे साहित्य हलके असते व मातीत कुजते. मात्र ते ओलावा शोषून घेते आणि फार भार सोसत नाही. वापरात टिकावे आणि टाकल्यावर कुजावे, या दोन परस्परविरोधी अपेक्षांचा मेळ घालणे हीच या क्षेत्रातील मुख्य अडचण आहे.